द्वादशीची भरती

स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका आपल्या किती उपयोगाची असते! दुधाचे खाडे, गॅसची तारीख, संकष्टीचा चंद्रोदय, सगळं तिच्यावरच. पण तिच्यावरून समुद्राची भरती काढता येते, हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळलं. तेही पक्षी बघण्याच्या नादात!

झालं असं, की मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई दर हिवाळ्यात चार-पाच मैत्रिणींना घेऊन पक्षी बघायला जातात. 2025 च्या माघात त्यांनी ठाण्याच्या खाडीवर, ऐरोलीला जायचं ठरवलं. “येतेस का?” म्हणाल्या, आणि मी चटकन ‘हो’ म्हणून बसले. घरी येऊन दिनदर्शिका बघते तो काय, त्या रविवारी नेमकी द्वादशी. म्हणजे सासूबाईंचं पारणं!

मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. सासूबाई एकादशी सोडणार आणि सूनबाई कुठे, तर पक्षी बघायला! दोन दिवस मी तोंडच उघडलं नाही. “त्यात काय, सांगून टाक,” असं हे म्हणाले. यांना म्हणायला काय जातंय?

शेवटी शुक्रवारी रात्री मेथी निवडता निवडता विषय काढला. “पुढच्या रविवारी नाही का जमणार?” आईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण नाराजी होती. मी म्हटलं, “बोट भरतीलाच सुटते हो. नऊच्या सुमाराची भरती याच रविवारी आहे.”

त्यांचा मेथी निवडणारा हात थांबला. “नऊची भरती म्हणजे द्वादशीच असणार,” त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर अलिबागकडचं. “अगं, तिथीची पाऊणपट करायची. बाराची पाऊणपट नऊ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. सकाळी जी वेळ, साधारण तीच रात्रीही. आमचे वडील बोटांवर सांगायचे.” जरा वेळाने म्हणाल्या, “मग जा. द्वादशी सोडून नऊची भरती तुला कुठे मिळणार?”

शनिवारी रात्रीच भाजी चिरून ठेवली, शिऱ्यासाठी रवा भाजून ठेवला. पहाटे पोळ्या केल्या, शिरा परतला आणि सहाला घराबाहेर पडले. कुकर लावायचं आणि आईंना वाढायचं काम यांच्याकडे! गाडीत बसेपर्यंत माझं निम्मं लक्ष त्या कुकरच्या शिट्ट्यांकडेच होतं.

ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाणं शोधत लांबवर पांगतात. भरतीचं पाणी चढू लागलं, की ते तिवरांच्या बाजूला सरकतात आणि बोटीलाही पुरेसं पाणी मिळतं. म्हणून वेळ साधायची ती भरतीची.

पहिला दिसला राखी बगळा, मग लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, डोक्यावरून फिरणारे कुरव. आणि एका वळणानंतर चिखलाच्या काठाला लांबच लांब गुलाबी पट्टा! आधी वाटलं, कुणी साड्या वाळत घातल्यात की काय. दुर्बीण लावली तर शेकडो रोहित, माना खाली घालून उभे. आमच्यातलं कुणी बोलेना.

शास्त्राच्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं, की रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि बारीक शेवाळं, जीवजंतू गाळून खातो. अगदी आपल्या चहाच्या गाळणीसारखं. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो, पिल्लं करड्या रंगाची असतात. कच्छच्या रणात चिखलाच्या उंचवट्यावर मादी बहुधा एकच अंडं घालते. पिल्लू झालं, की आईबाप दोघंही आपल्या गळ्यातून पाझरणारं दुधासारखं अन्न त्याला भरवतात. “दोघंही?” आमच्यातली एक म्हणाली, “आमच्या घरी सांगायला हवं!” हसू आवरून आवरेना. मला मात्र आमच्या घरचा कुकर आठवला.

ही खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, तिचं नाव आलं. पण तिवरांच्या मुळांकडे बघवत नव्हतं. जिकडे तिकडे प्लास्टिक अडकलेलं. त्यात एक दुधाची पिशवी दिसली, कोपरा कापलेली. आपणही दूध तापवताना अशीच कापतो ना? तो सुटा तुकडा पुढे कुठे जातो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आता मी कोपरा पिशवीला लोंबता ठेवते. पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देते.

तुम्हाला जायचं असेल, तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. कपडे मळकट रंगाचे, टोपी आणि पाणी बरोबर हवं. दुर्बीण नसेल तर दोघींत एक चालते. कुरवांना शेव-गाठ्या टाकू नका, ते त्यांचं खाणं नव्हे. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, म्हणून बोटीची नक्की वेळ आधी विचारून घ्या.

दुपारी घरी आले तर आई झोपाळ्यावर बसल्या होत्या. “पारणं नीट झालं ना?” मी विचारलं.

“भात जरा गिजका झाला होता. पण वाढलं हो त्याने,” त्या म्हणाल्या. “ते राहू दे. भरती पुरी कधी लागली?”

“दहा वाजून गेले होते.”

“खाडीत आत उशीर होतोच.” त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, “रविवारची द्वादशी आता पुन्हा कधी येते ते बघून ठेव. बोटीत चढताना हात धरशील ना माझा?”