दूरशिक्षणातील गळती आणि शिक्षकाची आस्था

वर्गात येणारा विद्यार्थी शिक्षण सोडतो तेव्हा त्याची रिकामी जागा दिसते. हजेरीच्या वेळी त्याचे नाव पुकारले जाते, उत्तर येत नाही, आणि शेजारी बसणारा कोणीतरी कारण सांगतो. दूरशिक्षणात असे काही घडत नाही. विद्यार्थ्याकडून पुढचा स्वाध्याय येत नाही, एवढेच घडते. तो अर्ज करीत नाही, कोणाचा निरोप घेत नाही आणि वर्षअखेरपर्यंत दप्तरी त्याचे नाव कायम राहते. दूरशिक्षणातील गळती अशी मौनाने होत असल्यामुळे शिक्षकाची आस्था हा तेथे केवळ सौजन्याचा विषय राहत नाही. तो अध्यापनपद्धतीचा विषय ठरतो.

या शिक्षणप्रकाराच्या इतिहासातच या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. इंग्लंडात १८४० साली स्वस्त टपाल सुरू झाले, तेव्हा आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे पाठ टपालाने पाठविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने उतरून पाठविलेला मजकूर ते दुरुस्त करून परत पाठवीत. विद्यार्थ्याच्या कामास मिळणारे हे उत्तर हाच या शिक्षणाचा गाभा होता. उलट, १८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या पदवीपरीक्षा बाहेरच्या उमेदवारांस खुल्या केल्या, परंतु त्यांच्या अध्यापनाची जबाबदारी पत्करली नाही. परीक्षेचे दार उघडे आणि वाट मात्र एकट्याची, अशी ती व्यवस्था होती. अमेरिकेत बोस्टन येथे ॲना एलियट टिकनर यांनी १८७३ साली घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांसाठी एक मंडळ स्थापिले. प्रत्येक विद्यार्थिनीस एक शिक्षिका नेमून दिलेली असे आणि दोघींमध्ये दरमहा पत्रव्यवहार चाले. १८९७ पर्यंत सात हजारांहून अधिक स्त्रियांनी त्याचा लाभ घेतला. छापील पाठ सर्वांस सारखे असू शकतात, पण पत्र एकीचे एकीस असते, हे तत्त्व त्या मंडळाने कृतीत आणले होते.

गळतीच्या शास्त्रीय विवेचनास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निश्चित रूप आले. एमिल दुर्खेम यांनी १८९७ साली आत्महत्येचे विवेचन करताना व्यक्ती आणि समाज यांच्यातील बंध शिथिल होण्यावर भर दिला होता. विल्यम स्पेडी यांनी १९७० मध्ये ती दृष्टी महाविद्यालय सोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासास लावली आणि व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये तिचा विस्तार केला. विद्यार्थी संस्थेच्या बौद्धिक व सामाजिक जीवनात जितका मिसळतो तितका तो टिकून राहण्याचा संभव अधिक, असे टिंटो यांच्या मांडणीचे सार होय. ही मांडणी प्रामुख्याने निवासी विद्यार्थ्यांकडे पाहून झालेली होती. जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, वयाने मोठ्या, नोकरी करणाऱ्या व घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत संस्थेतील मेळाव्यांपेक्षा पैसा, कामाचे तास व कुटुंबाची जबाबदारी या बाह्य गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

मग अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत शिक्षकाच्या आस्थेस स्थान उरते काय? उरते; किंबहुना ते वाढते. दूरस्थ विद्यार्थ्यास वसतिगृह नसते, ग्रंथालयातील सोबती नसतात. त्याच्या लेखी संस्थेला जो काही मानवी चेहरा असतो, तो त्याचे स्वाध्याय तपासणाऱ्या शिक्षकाचाच असतो. हा एक धागा तुटला की संस्थेशी असलेला त्याचा संबंध केवळ शुल्काच्या पावतीपुरता उरतो.

या विचारास सैद्धांतिक रूप देण्याचे श्रेय बोर्ये होल्मबर्ग यांचे. स्वीडनमधील हेर्मोड्स या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या संस्थेत काम केल्यानंतर ते जर्मनीतील हागेन येथील दूरशिक्षण विद्यापीठात प्राध्यापक झाले. शिक्षणसाहित्य संवादाच्या भाषेत लिहिलेले असावे आणि शिक्षक-विद्यार्थी यांच्यात आपुलकीचे नाते असावे. त्यायोगे अभ्यासाची गोडी वाढते व यश सुलभ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी घेतलेल्या चाचण्यांत निष्कर्षांचा कल या मतास अनुकूल दिसला, तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो सर्वत्र टिकला नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील डेव्हिड सेवर्ट यांनी १९७८ मध्ये हा विचार पुढे नेला. छापील साहित्य कितीही उत्तम असले तरी शिक्षकाची सर्व कार्ये ते पार पाडू शकत नाही. साहित्य सर्वांसाठी असते, अडचण मात्र एकेकाची असते. म्हणून विद्यार्थ्याविषयीच्या आस्थेत सातत्य हवे, असा त्यांचा आग्रह होता. त्या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळात प्रथम वर्षास शिकविणारा शिक्षकच पुढील वर्षांतही त्या विद्यार्थ्याचा सल्लागार राही. त्या व्यवस्थेत हेच तत्त्व होते.

प्रत्यक्ष प्रयोगांकडे वळल्यास आस्थेचे कोणते रूप परिणामकारक ठरते, हे अधिक स्पष्ट होते. नॉर्वेतील तोर्स्टाइन रेक्केदाल यांनी स्वाध्याय तपासून परत येण्यास लागणारा अवधी कमी करून पाहिला, तेव्हा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. अन्य देशांत हाच संबंध तपासला असता तो सर्वत्र सारखा दिसला नाही. म्हणजे केवळ वेग पुरेसा नाही. कॅनडात अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपुलोस व युरोस पेट्रोनिजेविच यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रथम वर्षाच्या काही विद्यार्थ्यांस प्रेरणादायक लेखी पाठ व दूरध्वनीवर लघुसंदेश पाठविण्यात आले, तर काहींस वरिष्ठ वर्गातील एकेक मार्गदर्शक नेमून देण्यात आला. संदेशांचा गुणांवर लक्षणीय परिणाम झाला नाही. मार्गदर्शक लाभलेल्यांचे गुण मात्र वाढले. हा प्रयोग गुणांचा आहे, गळतीचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही त्यातून एक बोध घेता येतो. यंत्राने सर्वांस धाडलेली विचारपूस ही विचारपूस ठरत नाही, कारण तिच्या उत्तराची वाट कोणीही पाहत नसते.

आस्थेचा परिणाम घडून येतो तो दोन मार्गांनी. पहिला मार्ग अडचणीच्या अर्थाशी निगडित आहे. समजा, रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या कामगाराचा पहिला स्वाध्याय कमी गुणांनी परत आला. एकटा असता तो त्यातून 'हे शिक्षण माझ्यासारख्यासाठी नाही' असा निष्कर्ष काढील. तेथेच शिक्षकाने दोन ओळी लिहून नेमकी चूक कोठे झाली व पुढच्या वेळी काय करावे हे दाखविले, तर तीच घटना अपात्रतेचा पुरावा न ठरता शिकण्याची एक पायरी ठरते. येथे गुण वाढवून देण्याचा प्रश्न नाही. खोट्या स्तुतीने विद्यार्थी फसत नाही. अपेक्षा उंच ठेवून ती पुरी करण्याचा मार्ग दाखविणे, यातच खरी आस्था आहे.

दुसरा मार्ग पुढाकाराचा आहे. ज्यांस साह्याची सर्वाधिक गरज असते तेच ते मागण्यास सर्वांत कचरतात. 'अडचण असल्यास संपर्क साधावा' ही सूचना धीट विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते; मागे पडलेला विद्यार्थी ती वाचतो आणि गप्प राहतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात ऑर्मंड सिम्पसन यांनी अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच विद्यार्थ्यांस दूरध्वनी करण्याचा उपक्रम तपासून पाहिला व त्याने टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दाखविले. पहिले पाऊल संस्थेने उचलले, हेच त्याचे मर्म होय.

तथापि, आस्था हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने २००७ मध्ये द्विवार्षिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू केली. तीत सल्लागारांकडे मोजकेच विद्यार्थी सोपविलेले असत. शिवाय उरलेले शुल्क, प्रवासाचा पास व पाठ्यपुस्तके यांचाही भार उचलला जाई. यदृच्छेने गट पाडून केलेल्या मूल्यमापनात तीन वर्षांत पदविका मिळविणाऱ्यांचे प्रमाण योजनेतील गटात ४० टक्के, तर इतरांत २२ टक्के आढळले. या यशात सल्लागाराचा वाटा किती आणि प्रवासाच्या पासाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण पैशाची निकड आपुलकीच्या शब्दांनी भागत नाही, एवढे निश्चित. शिवाय शेकडो विद्यार्थी माथी मारून शिक्षकाकडून व्यक्तिगत जिव्हाळ्याची अपेक्षा करणे म्हणजे संस्थेचे कर्तव्य त्याच्या सद्भावनेवर ढकलणे होय.

महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि अभ्यासकेंद्रांतील संमंत्रक हा त्याचा व विद्यार्थ्याचा दुवा ठरला. अशा विद्यापीठात येणारा विद्यार्थी पुष्कळदा एकदा शाळा वा महाविद्यालय सोडून परतलेला असतो. मुले मोठी झाल्यावर पुस्तक हाती घेणारी गृहिणी किंवा बढतीसाठी पदवी हवी असलेला कर्मचारी दुसऱ्यांदा अभ्यास सोडतो, तेव्हा तिसऱ्यांदा परतण्याचे धैर्य त्यास क्वचितच होते. म्हणूनच संमंत्रकाकडे किती विद्यार्थी असावेत, स्वाध्याय किती दिवसांत परत जावा आणि एक स्वाध्याय चुकताच चौकशी कोणी करावी, हे प्रश्न किरकोळ व्यवस्थेचे मानता येणार नाहीत. गळतीचे प्रमाण वर्षअखेरीस मोजले जाते. विद्यार्थी मात्र त्याच्या कितीतरी आधी, न आलेल्या पहिल्या स्वाध्यायाच्या आठवड्यातच दुरावू लागलेला असतो, आणि त्याला परत बोलावणे शक्य असते ते त्याच आठवड्यात.