ड्रोनच्या व्हिडिओसाठी सॉफ्टवेअर निवडताना: आधी फाइल ओळखा

नवा ड्रोन हाती आला, पावसाळ्यात सह्याद्रीत दोन-चार ठिकाणी उडवून झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? कुणी प्रीमिअर प्रो सुचवतं, कुणी थेट मॅकबुकच घ्यायला सांगतं. तुमच्या ड्रोनमधून कोणत्या प्रकारची फाइल निघते आणि ती उघडणाऱ्या कॉम्प्युटरची ताकद किती, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. नवशिक्यांचे बरेचसे पैसे आणि उत्साह वाया जातो तो याच दोन गोष्टी न तपासल्यामुळे.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे चांगलं सॉफ्टवेअर विकतच घ्यावं लागतं, मोफत असेल तर व्हिडिओवर वॉटरमार्क येणारच. काइनमास्टरसारख्या मोबाइल ॲपच्या मोफत आवृत्तीत तो येतो, त्यामुळे हा समज पसरला असावा. पण दाविंची रिझॉल्व्हचं उदाहरण पाहा. हे ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचं सॉफ्टवेअर. सिनेमांच्या कलर ग्रेडिंगसाठी ते जगभर वापरलं जातं. त्याची मोफत आवृत्ती ३८४० × २१६० म्हणजे अल्ट्रा एचडीपर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत व्हिडिओ बाहेर काढू देते, तेही वॉटरमार्कशिवाय. स्टुडिओ आवृत्तीचे पैसे एकदाच भरायचे असतात. रात्रीच्या शूटमधले दाणे कमी करणारं नॉइज रिडक्शन फक्त तिच्यात आहे. रात्री फारसं शूट करत नसाल, तर तेवढ्यासाठी खर्च करायची गरज नाही. प्रीमिअर प्रो उत्तम आहे, पण त्याचं भाडं चालू ठेवावं लागतं. साध्या कॉम्प्युटरवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरून पाहा. दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि पूर्ण मोफत आहेत. विंडोज ११ बरोबर येणारं क्लिपचॅम्पही कापाकापीला पुरतं, फक्त त्याच्या मोफत आवृत्तीतून १०८०पीच्या वर जाता येत नाही. सुरुवातीचे पैसे सॉफ्टवेअरपेक्षा एका चांगल्या एसएसडीवर खर्च करा, असं मी आग्रहानं सांगेन.

दुसरा समज जास्त त्रास देतो: “टाइमलाइनवर क्लिप अडकत चालते, म्हणजे सॉफ्टवेअरच बेकार.” मग माणूस एकामागून एक सॉफ्टवेअर बदलत राहतो आणि प्रत्येकात क्लिप तशीच अडकते. याचं कारण फाइलमध्ये असतं. डीजेआय मिनी ४ प्रोसारखा छोटा ड्रोन सेकंदाला १५० मेगाबिटपर्यंत माहिती नोंदवतो, म्हणजे मिनिटाला साधारण १.१ जीबी. ही माहिती बहुतेक वेळा एच.२६५ पद्धतीनं दाबून भरलेली असते. या पद्धतीत प्रत्येक फ्रेमचं पूर्ण चित्र साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. त्यामुळे जागा वाचते. पण तुम्ही क्लिपच्या मधोमध क्लिक केलंत, की कॉम्प्युटरला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत मागे जाऊन तिथपासून हिशेब करत यावं लागतं. उलट दिशेनं सरकवलं तर आणखीच हाल होतात. नव्या प्रोसेसरमध्ये आणि ग्राफिक्स कार्डमध्ये या कामासाठी वेगळी सोय असते. सातव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये १० बिट एच.२६५साठी ती पूर्णपणे नव्हती. विंडोजवर क्लिप उघडलीच नाही तर ड्रोनची फाइल खराब झाली असं लगेच समजू नका. अनेकदा फक्त एचईव्हीसीचं (हे एच.२६५चंच दुसरं नाव) एक्स्टेन्शन टाकायचं राहिलेलं असतं.

क्लिप अडकत चालण्यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ क्लिपची हलकी प्रत तयार करायची, कापणं-जोडणं तिच्यावर करायचं आणि शेवटी एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट क्लिक केलं की ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’ हा पर्याय दिसतो. थोडा वेळ जातो, पण नंतर तोच जुना लॅपटॉप नीट काम करू लागतो. डीजेआयच्या काही ड्रोनच्या कार्डवर एलआरएफ नावाच्या छोट्या फाइलही असतात. निरुपयोगी समजून अनेकजण त्या उडवतात. खरं तर त्या कमी रेझोल्यूशनच्या प्रतीच असतात. एक्स्टेन्शन बदलून एमपी४ केलं की भराभर पाहता येतात, शॉट निवडायला फार उपयोगी पडतात.

आता रंगांकडे वळू. “व्यावसायिक लोक लॉगमध्ये शूट करतात, मग आपणही तेच करावं” हे ऐकून नवशिका डीजेआयचं डी-लॉग एम हे लॉग प्रोफाइल चालू करतो आणि घरी येऊन फिकट, राखाडी चित्र पाहून खट्टू होतो. लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिकट ठेवलेलं असतं, म्हणजे ढगांचा आणि सावलीचा तपशील टिकतो. मात्र रंग नंतर स्वतः बसवावे लागतात. ८ बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या कोकणातल्या आकाशाचं ८ बिट चित्र जरा जास्त ओढलं, की नारिंगीतून निळ्याकडे जाताना पट्टे स्पष्ट दिसू लागतात. मूळ फाइलमध्येच तेवढ्या पायऱ्या नसतील, तर महागड्या सॉफ्टवेअरलाही त्या पट्ट्यांवर फारसं काही करता येत नाही. लट (एलयूटी), म्हणजे रंग बदलून देणारी तयार फाइल, लावली की झालं, हाही गैरसमजच. आधी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स सुधारायचा. शिवाय डी-लॉग आणि डी-लॉग एम या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकाची लट दुसऱ्याला लावली तर रंग बिघडतात. योग्य लट डीजेआयच्या साइटवर फुकट मिळते. रंगांचं काम मनापासून शिकायचं असेल तर रिझॉल्व्ह घ्या आणि लॉग वापरा. तेवढा वेळ नसेल तर नॉर्मल प्रोफाइल ठेवा, त्यात काहीही कमीपणा नाही.

“एडिटिंगमध्ये नंतर सुधारू” यावरही फार विसंबू नका. पांढरेफटक झालेले ढग परत येत नाहीत. गिम्बल कॅमेरा आधीच स्थिर ठेवतो. त्यावर पुन्हा स्टॅबिलायझेशन लावलं तर कडा कापल्या जातात आणि कधी चित्र वेडंवाकडं होतं. रोषणाई केलेलं मंदिर रात्री टिपताना दिवे लुकलुकू नयेत म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

मोबाइलवर केलेलं एडिटिंग कमी दर्जाचं, हे मला पटत नाही. अर्ध्या मिनिटाच्या रीलसाठी व्हीएन किंवा इनशॉट पुरेसं आहे. संगीताबाबत मात्र सावध राहा. बहुतेक ड्रोन आवाज रेकॉर्डच करत नाहीत, त्यामुळे गाणं लावावंसं वाटतंच. “१० सेकंद वापरलं तर चालतं” असा कुठलाही नियम कॉपीराइट कायद्यात नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा छोटा तुकडाही ओळखू शकते. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. काही रचनांसाठी श्रेय देणं बंधनकारक असतं, तेवढं पाहून घ्या.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो: प्रोजेक्ट सेव्ह केला, आता मूळ क्लिप डिलीट केल्या तरी चालतील. प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतात. कोणती क्लिप कुठे ठेवली आहे आणि ती कुठून कुठपर्यंत वापरली, एवढीच नोंद त्यात असते. मूळ फाइल हलवली किंवा उडवली, की टाइमलाइनवर लाल रंगात ‘मीडिया ऑफलाइन’ दिसतं. म्हणून कार्ड फॉरमॅट करण्याआधी क्लिप दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि त्या फोल्डरची नावं नंतर बदलू नका. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट आर्काइव्हचा पर्याय आहे. तो प्रोजेक्ट आणि त्याचे सगळे व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये गोळा करतो. काम संपवताना तोच वापरा.