शोधनिबंध छापण्यास पैसे पडतात काय?

परदेशी नियतकालिकात शोधनिबंध छापून आणावयाचा तर किती पैसे भरावे लागतात, हा प्रश्न विद्यापीठांच्या आवारात आणि चर्चासत्रांच्या मधल्या सुटीत इतक्या सहजतेने विचारला जातो, की पैसे भरावेच लागतात हे आपण आधीच मान्य करून बसलो आहोत, याचे भान विचारणाऱ्यालाही राहत नाही. फिजीला गेलेल्या गिरमिटियांवर, म्हणजे करारबद्ध मजुरांवर, काम करणारी विद्यार्थिनी असो, इंडोनेशियातील रामकथेचा अभ्यासक असो अथवा जपानच्या परराष्ट्रधोरणावर प्रबंध लिहिणारा तरुण प्राध्यापक असो, ‘पेपर टाकायला’ काही हजार रुपये बाजूला काढून ठेवले पाहिजेत अशी त्यांची समजूत कोणीतरी करून दिलेली असते. आणि खेदाची गोष्ट ही, की तशी समजूत करून देणाऱ्यांत पुष्कळदा त्यांचे मार्गदर्शकही असतात. आशिया आणि पॅसिफिक प्रदेशाच्या अभ्यासाला वाहिलेल्या मान्यवर नियतकालिकांच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे, आणि तिचे निराकरण कितीही वेळा केले तरी ती पुन्हा डोके वर काढते, म्हणून यावेळी ते जरा विस्ताराने करणे प्राप्त आहे.

या क्षेत्रातील ज्येष्ठ नियतकालिके कोणी काढली आणि त्यांचा जमाखर्च कसा चालला, हे आधी पाहू. ‘जर्नल ऑफ द पॉलिनेशियन सोसायटी’ हे त्रैमासिक न्यूझीलंडमध्ये १८९२ साली निघाले, ते पॉलिनेशियाच्या भाषा, वंशावळी आणि परंपरा नोंदवून ठेवण्यासाठी स्थापन झालेल्या एका विद्वत्संस्थेच्या सभासदांच्या वर्गणीवर. सिडनीचे ‘ओशियानिया’ १९३० चे, तर कॅनबेऱ्याचे ‘जर्नल ऑफ पॅसिफिक हिस्टरी’ १९६६ चे. ब्रिज लाल यांचा फिजीतील गिरमिटियांच्या मूळ गावांचा शोध घेणारा ग्रंथ १९८३ साली ‘जर्नल ऑफ पॅसिफिक हिस्टरी’नेच प्रकाशित केला होता. आज ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या नावाने ओळखले जाणारे नियतकालिक १९४१ साली ‘फार ईस्टर्न क्वार्टर्ली’ म्हणून सुरू झाले, १९५६ साली त्याने आजचे नाव धारण केले, आणि त्याच्यामागे आशियाच्या अभ्यासकांची एक मोठी संघटना उभी आहे. या सर्वांचा खर्च सभासदांची वर्गणी, ग्रंथालयांनी भरलेले शुल्क आणि विद्यापीठांनी दिलेला आश्रय यांतून भागत आला आहे. निबंध तपासणारे तज्ज्ञ त्याबद्दल मोबदला घेत नाहीत. ते काम विद्वत्तेच्या व्यवहारातील परस्परांचे देणे समजून केले जाते. रूढ मार्गाने निबंध स्वीकारला गेला, तर लेखकाच्या हाती स्वीकृतीचे पत्र आणि दुरुस्त्यांची यादी पडते; पैशाची मागणी करणारा कागद पडत नाही.

‘पॅसिफिक अफेअर्स’ची हकीकत या संदर्भात विशेष बोलकी आहे. पॅसिफिक महासागराभोवतीच्या राष्ट्रांत परस्परपरिचय वाढावा म्हणून १९२५ साली होनोलुलू येथे जी संस्था स्थापन झाली, तिचे हे मुखपत्र १९२८ पासून या नावाने निघू लागले. ओवेन लॅटिमोर यांच्यासारखा मध्य आशियाचा जाणकार १९३४ ते १९४१ या काळात त्याचा संपादक होता. पुढे अमेरिकेत साम्यवाद्यांच्या शोधाची जी मोहीम माजली, तिच्यात लॅटिमोर यांच्यावर आरोप झाले, संस्थेची चौकशी झाली, तिची करमाफी काढून घेण्यात आली आणि देणग्यांचा ओघ आटत जाऊन १९६० साली संस्थाच बंद पडली. अशा वेळी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने ते नियतकालिक १९६१ पासून आपल्या पदरी घेतले आणि संपादक विल्यम हॉलंड त्याच्यासह न्यूयॉर्क सोडून व्हँकूव्हरला गेले. नियतकालिकाच्या प्राणावर बेतले असताना ते तगले ते एका विद्यापीठाने जबाबदारी पत्करली म्हणून, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पैसे घेतल्याशिवाय त्यांचे भागणार कसे?’ या प्रतिप्रश्नाचे उत्तर मिळते.

सत्य संपूर्ण सांगावयाचे तर काही अपवाद नोंदवले पाहिजेत. निबंध जगात कोणालाही विनामूल्य वाचता यावा अशी योजना ज्या नियतकालिकांनी स्वीकारली आहे, त्यांतील काही, विशेषतः विज्ञान आणि वैद्यक या विषयांतील, वाचकांकडून न मिळणारा खर्च लेखकाकडून अथवा त्याच्या संस्थेकडून घेतात. मोठ्या प्रकाशकांची वर्गणीवर चालणारी नियतकालिकेही, लेखकाने आपला निबंध सर्वांस खुला करावयाचे ठरवल्यास, त्यापुरते शुल्क आकारतात. अर्थशास्त्र व वित्त यांतील काही नियतकालिके तर निबंध परीक्षणासाठी घेतानाच फी घेतात, आणि ती अव्वल दर्जाची आहेत. तेव्हा शुल्क घेणारा तो प्रत्येक जण लबाड, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु यातून सर्वांस खुले म्हणजे लेखकास महाग, असाही निष्कर्ष निघत नाही. क्योटो विद्यापीठाचे आग्नेय आशियाविषयीचे इंग्रजी नियतकालिक वाचकांस खुले आहे. खुल्या नियतकालिकांची जी आंतरराष्ट्रीय सूची २००३ पासून ठेवली जाते, तिच्यातील बहुसंख्य नियतकालिके लेखकाकडून काहीही घेत नाहीत. खरा भेद असा, की प्रामाणिक नियतकालिकात निबंध घ्यावा की न घ्यावा हा निर्णय तज्ज्ञांच्या अभिप्रायावरून होतो आणि पैशाचा प्रश्न त्या निर्णयापासून अलग ठेवलेला असतो. जेथे पैसे हाच निर्णय असतो, तेथे परीक्षण हे केवळ नाव उरते.

मग आपल्याकडे हा गैरसमज एवढा दृढमूल का व्हावा? याचे कारण विद्वत्तेच्या इतिहासात शोधण्यापेक्षा नोकरीच्या नियमांत शोधावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकांशी जोडल्या, छापील निबंधांना गुण मिळू लागले, आणि संख्येला मोल आल्याबरोबर संख्या पुरवणारा बाजार उभा राहिला. त्या बाजाराची व्याप्ती दाखवणारा पुरावा आपल्याच प्रांतातील आहे. आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीतील, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांची तपासणी पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अशी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असू शकतात असा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली, आणि वर्षअखेरीस ‘केअर’ नावाची नवी व्यवस्था जाहीर केली; तीही २०२५ च्या आरंभी बंद करून पारख करण्याची जबाबदारी त्या त्या संस्थेवर सोपवण्यात आली. म्हणजे आता ‘यादीत आहे’ एवढ्या दाखल्यावर कोणाला निभावून नेता येणार नाही.

हा बाजार आपल्यापुरता नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधवृत्तात, जॉन बोहॅनन यांनी उघड दोषांनी भरलेला एक बनावट वैद्यकीय निबंध ३०४ खुल्या नियतकालिकांकडे धाडला होता आणि त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला होता. विषय वैद्यकाचा होता, परंतु ‘आशिया-पॅसिफिक’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ ही विशेषणे नावात गुंफून मराठी प्राध्यापकाच्या टपालपेटीत रोज पडणाऱ्या निमंत्रणांची जात तीच आहे. आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्याने आम्ही प्रभावित झालो आहोत, आपला निबंध सात दिवसांत स्वीकारला जाईल! ज्याला एकदा तरी खरे परीक्षण माहीत आहे, त्याला हा मायना वाचून संताप यावा. विषयाचा जाणकार परीक्षक शोधणे, त्याने होकार देणे, निबंध वाचून चार पाने अभिप्राय लिहिणे, मग लेखकाने दुरुस्त्या करणे, यांत महिने जातात, कधी वर्षही जाते. आणि पहिला निबंध त्या दुरुस्त्यांतच घडतो.

पैसे गेले तर गेले, असे म्हणणाऱ्यांना मला एवढेच सांगावयाचे आहे, की येथे पैशाहून मोठी गोष्ट गमावली जाते. एकदा छापून आलेला निबंध दुसरे कोणतेही प्रामाणिक नियतकालिक सहसा पुन्हा छापत नाही. रत्नागिरीच्या दफ्तरखान्यात बसून कोणी कोकणी खलाशांच्या नोंदी जमवल्या, कोणी मॉरिशसला जाऊन तेथील मराठी वंशजांच्या मुलाखती घेतल्या, आणि ते सर्व साधन कोणीही न वाचणाऱ्या, उद्या बंद पडेल अशा संकेतस्थळावर पैसे देऊन पुरून टाकले, तर हिंदी महासागराचा इतिहास त्याला कायमचा मुकतो. मार्गदर्शकांनी या नुकसानीचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पारख करणे अवघडही नाही. आपण आपल्या निबंधात ज्यांचे आधार घेतले, ते विद्वान कोठे लिहितात हे आपल्याच तळटिपांतून कळते. तेथून आरंभ करावा. ज्या नियतकालिकाकडे निबंध धाडावयाचा, त्याचे दोन-तीन अंक आधी वाचावेत. संपादकमंडळातील नावे त्या त्या विद्यापीठाच्या पानावर पडताळावीत, कारण संमतीवाचून नावे घातल्याचे प्रकार घडले आहेत. आणि नियतकालिकाच्या पत्त्याची खातरजमा त्याच्या विद्वत्संस्थेकडून अथवा प्रकाशकाकडून करून घ्यावी, कारण जुन्या नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळेही आहेत. अंक मिळत नाहीत ही सबब सरकारी संस्थांतील अभ्यासकांपुरती तरी आता पुष्कळ दुबळी झाली आहे. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेने ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यांच्यासाठी खुली केली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

आयएसएसएन आहे म्हणजे दर्जा आहे, असे नव्हे: तो आठ स्थानांचा केवळ ओळखक्रमांक आहे, आणि तो देणारी यंत्रणा मजकुराची परीक्षा करीत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हा निबंधाचा गुण नव्हे, तर नियतकालिकातील अलीकडच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या उल्लेखांची सरासरी होय. कला व मानव्यविद्यांच्या सूचीतील नियतकालिकांना तर २०२३ पर्यंत तो दिलाच जात नसे, त्यामुळे इतिहासाच्या नियतकालिकाची तो नाही म्हणून हेटाळणी करणे गैर होते.

आशियाविषयी लिहावयाचे ते इंग्रजीत आणि अमेरिकेतच, ही समजूतही निराधार. लायडनचे ‘बायद्राखन’ १८५३ पासून निघते, फ्रेंचांच्या अतिपूर्व विद्यासंस्थेचे ‘बुलेटिन’ १९०१ पासून. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून मराठीत साधने छापत आले आहे, आणि दा. ध. कोसंबींचे कितीतरी निबंध पुण्यामुंबईच्याच शोधपत्रिकांत आहेत. एपेली हाउओफा यांचा महासागराला ‘बेटांचा समुद्र’ मानणारा निबंध, ज्याने पॅसिफिकविषयीच्या विचाराची दिशा पालटली, तो प्रथम १९९३ साली फिजीतील दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या संग्रहात आला आणि त्यानंतर हवाईच्या ‘द कंटेम्पररी पॅसिफिक’मध्ये.

मोठा प्रकाशक म्हणजे दबावापासून मुक्त, असेही नाही: केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ‘चायना क्वार्टर्ली’तील ३०० हून अधिक लेख चीनमधील वाचकांस बंद केले, आणि विद्वानांनी निषेध केल्यावर ते पुन्हा खुले केले.

भारतीय नाव पाहून निबंध परत येतो, ही तक्रार वारंवार कानी येते. या क्षेत्रातील बहुतेक नियतकालिकांत परीक्षकाला लेखकाचे नाव कळू दिले जात नाही. निबंध नामंजूर होतो तो प्रायः विषय नियतकालिकाच्या कक्षेबाहेरचा असतो म्हणून, अथवा माहिती भरपूर असूनही प्रश्न एकही नसतो म्हणून. फिजीवरचा निबंध सामोआच्या अभ्यासकाने का वाचावा, याचे उत्तर पहिल्या दोन पानांत मिळाले पाहिजे.

एकच निबंध एकाच वेळी चार ठिकाणी धाडणे हा शिष्टाचाराचाच नव्हे तर नियमांचाही भंग आहे.

तज्ज्ञांनी तपासला म्हणजे निबंध अचूक ठरतो असे नाही. तो वाचण्याजोगा ठरतो, आणि खंडन नंतरही होऊ शकते.

आणि शेवटी, निबंध छापून आल्याशिवाय पीएच.डी.चा प्रबंध सादरच करता येत नाही म्हणून पैसे भरले, असे सांगणारे विद्यार्थी अजून भेटतात. आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीतून ती सक्ती काढून टाकली आहे. एखाद्या विद्यापीठाने आपल्या अधिकारात ती ठेवली असेल, तर त्याचा लेखी नियम मागून घ्यावा, आणि तो हाती येईपर्यंत कोणालाही एक पैसा देऊ नये.