उभी गाडी काय उद्योग करते?

ताम्हिणी घाटातला आषाढी पाऊस म्हणजे छत्रीचं काम नाही. अंगात हुडहुडी भरलेली, समोर धुकं, आणि अशात एका वळणावर जुनी फियाट बॉनेट उघडून उभी! आतून भसाभसा वाफ येतेय. बाहेर माणसं कुडकुडताहेत आणि इंजिन मात्र उकळतंय.

बरं, ही काही रोज राबणारी गाडी नव्हे. मुळशीकडच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी गाडी वीस-वीस वर्षं नुसती उभी असते. मग घरातल्या कुणाला तरी हुक्की येते. नवी बॅटरी, नवं पेट्रोल. गाडी फुरफुरत सुरू होते, टाळ्या पडतात. लगेच कोकणाची फेरी ठरते, आणि माणगावहून परतताना चढावर हा तमाशा. इतकी वर्षं जिला कामच नव्हतं, ती बिघडली कशी?

आपण जिला सरसकट फियाट म्हणतो, ती मुंबईत कुर्ल्याला बनायची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. पुढे गाडीचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून ती अगदी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होती, म्हणजे तुमच्यापैकी काही जण तिच्यात बसलेही असतील.

आता इंजिनात डोकावू. पेट्रोल पेटतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. आणि ज्या दट्ट्याच्या डोक्यावर हा जाळ होतो, तो बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना! तरी दट्ट्याचं पाणी-पाणी होत नाही, कारण जाळ क्षणात विझतो आणि भोवताली खरंखुरं पाणी खेळत असतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा हे पाणीच उचलून नेतं. पंप त्याला ढकलतो, ते रेडिएटरच्या चपट्या, बारीक नळ्यांतून उतरतं, पंख्याच्या वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा कामाला लागतं.

गाडी शेडमध्ये लावली की हे फिरणं थांबतं, पण पाणी गप्प बसत नाही. इंजिनाचा ठोकळा बिडाचा, त्यावरचं हेड पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. वेगवेगळे धातू, आणि त्यांना जोडणारं क्षारांचं पाणी. ओळखलंत? इटलीच्या व्होल्टानं १८०० साली जगातली पहिली बॅटरी बनवली ती याच युक्तीनं: जस्त, तांबं आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. अंधाऱ्या शेडमध्ये आपल्या फियाटचीही कोणी न मागता बॅटरी झालेली असते. तिच्यातून दिवा लागत नाही, पण रोज थोडा थोडा धातू मात्र झिजतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, पण तीही काही वर्षांत संपतात. आणि जुन्या गाड्यांत कूलंट कसलं, विहिरीचं पाणीच ओतलेलं!

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. तो सुटून तळाशी बसतो, विटकरी चिखलासारखा, आणि नळ्यांत अडकतो. अर्ध्या नळ्या बुजल्या तरी गाडी सपाटीवर कुरकुरत नाही. तिथं तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर. घाटात मात्र गाडी खालच्या गिअरमध्ये, वेग कमी, इंजिनाची मेहनत दुप्पट. मग सगळं उघडं पडतं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या गोल चकत्यांची. बिडाचा ठोकळा ओततात तेव्हा पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून आत वाळूचे आकार ठेवतात. ओतकाम झालं की वाळू भोकांतून झाडून काढतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्या ठोकतात. ठोकळा जाडजूड, चकती पातळ. गंज आधी कोणाला गाठणार? बोटानं दाबली तरी आरपार जाईल अशी चकती वरून रंगानं झाकलेली असते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

बाहेरूनही पाहुणे येतात. रेडिएटरच्या पात्यांमध्ये कुंभारीण माशी मातीची घरं बांधते, उंदीर रबरी पाइप कुरतडतात. वाराच आत शिरेना, तर पाणी निवणार कसं?

रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट वेगळीच. ते आत दाब धरून ठेवतं, अगदी कुकरच्या शिट्टीसारखं, त्यामुळे पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकणाचं रबर वाळलं की दाब टिकत नाही. त्यात मुळशी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथं उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पण एक ध्यानात ठेवा, तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटताच आतलं पाणी एका क्षणात उसळतं आणि तोंड, हात भाजून काढतं. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही, हेड तडकतं.

म्हणून जाणते मेकॅनिक घाटाआधीच सगळं उपसतात. पाणी उलट्या दिशेनं सोडून नितळ येईपर्यंत धुतात, रेडिएटर खोलून नळ्यांत सळ्या घालतात, पाइप आणि चकत्या बदलतात. थर्मोस्टॅट मात्र आपल्याकडे पुष्कळ जण काढूनच टाकतात. मला हे पटत नाही. त्याशिवाय इंजिन गारठलेलं राहतं आणि पेट्रोल जास्त पितं.

हा थर्मोस्टॅट मोठा मजेशीर. आत मेण भरलेली इवलीशी डबी. मेण वितळलं की फुगतं, झडप ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. ना वायर, ना सेल! एखाद्या गॅरेजमधून जुना मागून आणा. घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी उकळत्या पाण्यात चालणारा थर्मामीटर, अशी मांडणी करा. पुष्कळसे ऐंशीच्या आसपास तोंड उघडू लागतात. तुमचा कितीला उघडतो, आणि पाणी निवताना त्याच आकड्याला मिटतो का, ते लिहून ठेवा.