एकलव्य इंडिया फाउंडेशन

एकलव्य इंडिया फाउंडेशन ही ग्रामीण व वंचित समाजघटकांतील तरुणांना नामांकित विद्यापीठांपर्यंत पोहोचण्यास साहाय्य करणारी, विदर्भातून उभी राहिलेली स्वयंसेवी संस्था आहे. राजू केंद्रे यांनी 2017 मध्ये यवतमाळ येथे तिची सुरुवात केली. तिच्या विद्यार्थ्यांत आदिवासी, दलित, भटक्या-विमुक्त आणि शेतकरी-शेतमजूर कुटुंबांतील मुलामुलींचा मोठा भरणा असून त्यांपैकी अनेक जण घरातील पहिले पदवीधर ठरतात. भोपाळ येथे 1982 मध्ये स्थापन झालेली ‘एकलव्य’ ही संस्था आणि केंद्र शासनाची एकलव्य आदर्श निवासी विद्यालये यांहून ती वेगळी आहे.

पार्श्वभूमी

केंद्रे हे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे या गावचे. बारावीनंतर ते पुण्याला शिकण्यास गेले, परंतु तेथे निभाव न लागल्याने त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. त्या काळात मेळघाटात काम केल्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर केंद्रात त्यांचे पदव्युत्तर शिक्षण झाले.

गरीब विद्यार्थ्याच्या निवासाचा व भोजनाचा प्रश्न समाजाने सोडवावा, ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पंजाबराव देशमुख यांचे अमरावतीतील श्रद्धानंद छात्रालय आणि 1955 पासून कार्यरत असलेली पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती ही तिची ठळक उदाहरणे होत. या संस्थांपुढे मुख्यतः शहरात पोहोचलेला विद्यार्थी होता. एकलव्यचे काम त्याच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे अर्ज भरण्यापूर्वीच सुरू होते.

माहितीचा अडसर

हा टप्पा किती निर्णायक असतो, ते वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारसारख्या गावावरून ध्यानात येते. समृद्धी महामार्गाला येथे जोड असून 2022 च्या डिसेंबरपासून नागपूरचा प्रवास बराच सुकर झाला आहे. हा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि बारावीचा निकाल लागल्यावर जवळच्या महाविद्यालयात जाऊन प्रवेश घेणे ही येथील सर्वपरिचित रीत. केंद्रीय विद्यापीठांचे वेळापत्रक मात्र निराळे आहे. 2022 पासून त्यांच्या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश सामायिक परीक्षेद्वारे होतात आणि तिच्या अर्जाची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपते. 2024 मध्ये ही मुदत एप्रिलच्या आरंभी संपली, तर महाराष्ट्राच्या बारावीचा निकाल 21 मे रोजी लागला. निकाल हाती घेऊन चौकशीस निघालेल्या विद्यार्थ्याचे वर्ष त्याला कळण्यापूर्वीच हुकलेले असते.

दाखल्यांचेही तसेच. वाशिम जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी असून त्याचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो, परंतु केंद्रीय आरक्षणात असा स्वतंत्र प्रवर्गच नाही. तेथे त्याची गणना इतर मागास वर्गात होते आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील निराळा दाखला काढावा लागतो. राज्याचा दाखला जवळ असल्याने निर्धास्त राहिलेला विद्यार्थी ऐन प्रवेशाच्या वेळी अडतो. अशा अडचणी केवळ शुल्कमाफीने सुटत नाहीत. ते आधी सांगणारे कोणीतरी भेटावे लागते.

कार्यपद्धती

गावोगावी व महाविद्यालयांत मराठीतून कार्यशाळा घेऊन विद्यापीठे, अभ्यासक्रम व शिष्यवृत्त्यांची ओळख करून देणे ही संस्थेच्या कामाची पहिली पायरी होय. पुढे निवडक विद्यार्थ्यांसाठी निवासी शिबिरे होतात. त्यांत प्रवेशपरीक्षेची तयारी, अर्जासोबतचे निवेदन लिहिणे आणि मुलाखतीचा सराव यांवर भर असतो. यांतील निवेदनाचा भाग विशेष कठीण. स्वतःविषयी दोन पाने लिहिण्याची सवय शाळेत क्वचितच लागलेली असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अझीम प्रेमजी विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी दाखल झालेले माजी विद्यार्थी पुढच्या तुकडीचे मार्गदर्शक होतात. आपल्याच भागातला, आपल्याच बोलीत बोलणारा कोणी तेथे शिकतो आहे, याचा पालकांच्या संमतीवर होणारा परिणाम, विशेषतः मुलींच्या बाबतीत, माहितीपत्रकाने साधणारा नव्हे.

केंद्रे यांना 2021 मध्ये ब्रिटिश शासनाची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळाली व ते लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेत शिकले. त्यानंतर परदेशी विद्यापीठांसाठीचे मार्गदर्शनही संस्थेने हाती घेतले.

मर्यादा

मार्गदर्शनाने जागांची संख्या वाढत नाही, आणि प्रवेश मिळाल्यावर खर्चाचा प्रश्न उभा राहतोच. त्यासाठी शिष्यवृत्ती व राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांसारख्या तरतुदींवर अवलंबून राहावे लागते. स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांपुरती आहे. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम हाती येण्यापूर्वी पहिल्या सत्राचे भाडे व खानावळ भागवावीच लागते.