ओतू नका, काढा: तुंबणाऱ्या बाथरूमबद्दलचे गैरसमज

शॉवर सुरू करून चार-पाच मिनिटं झाली की पायाखाली पाणी साचू लागतं, फेस जाळीभोवती घुटमळत राहतो आणि अंघोळ आटोपल्यावरही फरशी मोकळी व्हायला वेळ लागतो. यावर घरोघरी जे उपाय सुचवले जातात ते जवळपास सगळे काहीतरी ओतायला सांगणारे असतात: अ‍ॅसिड, सोडा, व्हिनेगर, उकळतं पाणी, बाजारातली पावडर. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बाथरूममधला अडथळा बहुतेक वेळा जाळीपासून हातभर अंतरावरच असतो. तो विरघळवत बसण्यापेक्षा बाहेर काढणं सोपं, स्वस्त आणि सुरक्षित आहे.

“पाणी साचतंय म्हणजे पाइप चोंदलाय”

दरवेळी तसं नसतं. एक बादली भरून थेट जाळीवर ओतून पाहा. पाणी झटकन गेलं, तर पाइप मोकळा आहे आणि दोष फरशीच्या उताराचा आहे. दर मीटरला एखादा-दीड सेंटिमीटर उतार जाळीकडे हवा. फरशी बदलताना तो बिघडला, तर कितीही अ‍ॅसिड ओतलं तरी कोपऱ्यात पाणी राहणारच. बादलीचं पाणी तुंबलं, तर जाळी उचलून पुन्हा ओता. आता गेलं, तर अडथळा जाळीतच होता. झुरळं येऊ नयेत म्हणून बसवलेल्या दुहेरी, झडपवाल्या जाळ्यांमध्ये हे फार होतं, कारण त्यांची भोकं लहान असतात आणि झडपेला केस अडकतात. जाळी काढूनही पाणी तुंबत असेल, तरच खालच्या नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठून राहणाऱ्या भांड्याकडे वळायचं.

त्या ट्रॅपमध्ये काय साचतं हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. रोज माणसाचे पन्नास ते शंभर केस गळतात आणि त्यातले बरेच अंघोळीत वाहून जातात. केस एकटे फारसा त्रास देत नाहीत. ते एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं होतं आणि मागून येणारं सगळं त्यात अडकतं. त्यात बोअरचं पाणी जड असेल, तर साबणातली मेदाम्लं पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग पावतात आणि न विरघळणारा पांढरट चिकट साका तयार होतो. नळांवर आणि फरशीवर दिसणारा थर तोच. तो केसांवर बसला की गुंता घट्ट होत जातो. अनेक घरांत कपडेही बाथरूममध्येच धुतले जातात किंवा वॉशिंग मशीनची नळी त्याच ट्रॅपमध्ये सोडलेली असते. मग कपड्यांचे तंतूही त्यात येतात.

दिवाळीनंतर हा त्रास वाढल्यासारखा वाटत असेल, तर त्यालाही कारण आहे. अभ्यंगस्नानाचं तेल आणि उटणं एकाच सकाळी घरातल्या सगळ्यांच्या अंगावरून ट्रॅपमध्ये उतरतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि पुण्या-नाशिकच्या त्या दिवसांतल्या पहाटे त्याहून गार असतात. उटण्यातली मुलतानी माती, आंबेहळद, कचोरा यांची पूड पाण्यात विरघळत नाही, ती तळाशी बसते. म्हणून उटणं लावू नये असं मुळीच नाही. त्या आठवड्यात एकदा ट्रॅप साफ करावा, इतकंच.

“अ‍ॅसिड टाकलं की सगळं मोकळं होतं”

हा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक समज. बाथरूमसाठी विकलं जाणारं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते क्षारांचे डाग काढतं, म्हणून ते सगळंच खाऊन टाकतं असं वाटतं. पण केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि या आम्लाला ते सहज दाद देत नाहीत. गुंत्यावरचा थोडा क्षार निघतो, पाणी दोन दिवस बरं वाहतं आणि गुंता जागच्या जागी राहतो. मधल्या काळात आम्ल फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. शहाबादी आणि कोटा फरशी म्हणजे चुनखडकच, त्यामुळे तीही झिजते. सांधे उघडले की पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. तुंबलेल्या ट्रॅपपेक्षा ते दुखणं कितीतरी महाग पडतं.

त्याहून मोठा धोका मिश्रणाचा आहे. आधी ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकली असेल आणि त्यावर अ‍ॅसिड पडलं, तर क्लोरिन वायू सुटतो. बंद, लहान खिडकीच्या बाथरूममध्ये तो फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतो. चुकून तसं झालंच, तर पाणी मारत थांबू नका. बाहेर या, शक्य असेल तर दारं-खिडक्या उघडा, आणि श्वास कोंडत असेल तर थेट दवाखाना गाठा.

बाजारातली ड्रेन क्लीनर पावडर मात्र वेगळी. तिच्यात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो अल्कली असल्यामुळे केस आणि साबणाचा साका दोन्ही मऊ पाडतो. म्हणजे हा उपाय अ‍ॅसिडपेक्षा शास्त्राला धरून आहे. तरी मी तो शेवटचा मानते. पाण्यात पडताच कॉस्टिक सोडा प्रचंड उष्णता सोडतो. साचलेल्या पाण्यात पावडर नीट पसरली नाही, तर तिचा दगडासारखा गोळा ट्रॅपमध्येच बसतो. तिचे शिंतोडे डोळ्यांत गेले, तर दृष्टी जाऊ शकते. वापरायचीच असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात. तिच्यावर अ‍ॅसिड कधीही ओतायचं नाही आणि ती टाकल्यावर रबरी पंप मारायचा नाही.

“सोडा आणि व्हिनेगर फसफसतं, म्हणजे काम करतं”

खाण्याचा सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांचा प्रभाव संपवतात. उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या क्षाराचं पाणी, आणि जो बुडबुडतो तो कार्बन डायऑक्साइड वरच्या वर उडून जातो. केसांच्या गुंत्याला यातलं काहीच लागत नाही. अपाय नाही, पण उपायही नाही.

“उकळतं पाणी ओता” हा सल्लाही असाच. आजच्या बहुतेक इमारतींतले पाइप पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि वारंवार उकळतं पाणी गेलं तर सांधे ढिले होतात. तेलकट थर हलवायला गीझरचं कढत पाणी पुरतं.

“ट्रॅपमधला कप काढून टाकला की पाणी धावतं”

पाणी धावतं, हे खरं. पण तो कप तिथे पाणी अडवण्यासाठीच असतो. त्याच्यामुळे ट्रॅपमध्ये साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम राहतं आणि तो थर गटारातली दुर्गंधी, वायू, झुरळं घरात येऊ देत नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण आढळले. तिथल्या आरोग्य विभागाच्या तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप होते. पाण्याचा थर नव्हता, एक्झॉस्ट पंखा हवा खेचत होता आणि सांडपाण्याच्या पाइपांतले दूषित थेंब घरांत येत होते. म्हणून कप काढा तो धुण्यासाठी, आणि लगेच परत बसवा. गावाला जाऊन आल्यावर बाथरूमला वास येत असेल, तर ट्रॅप सुकलेला असतो. एक तांब्या पाणी ओतलं की काम होतं.

आता खरा उपाय. हातमोजे घाला, जाळी उचला, कप बाहेर काढून जुन्या ब्रशने घासा. ट्रॅपमधला गाळ हाताने किंवा जुन्या चमच्याने काढा. पुढच्या आडव्या पाइपात टोक वाकवलेली तार किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी दातेरी प्लास्टिकची पट्टी सरकवा, फिरवा आणि हळूहळू ओढा. केसांचा लांबलचक पेड बाहेर येतो. किळस येते हे मान्य, पण तुंबण्याचं कारण तुमच्यासमोर पडलेलं असतं आणि ते कचऱ्यात जातं, पुढच्या पाइपात नाही. एवढ्याने भागलं नाही तर रबरी पंप. त्याचं रबर पाण्यात बुडलेलं हवं. बेसिन किंवा मशीनची नळी त्याच ट्रॅपला जोडलेली असेल, तर ती तोंडं ओल्या फडक्याने घट्ट बंद करायला हवीत. नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो आणि पंपाचा उपयोग नाही अशी आपली समजूत होते.

काही लक्षणं मात्र घरात सुटणारी नसतात. बेसिन, कमोड आणि बाथरूम एकाच वेळी मंदावले, फ्लश केल्यावर जाळीतून गुडगुड आवाज आला किंवा वरच्या मजल्यावर पाणी सोडताच तुमच्याकडे वर आलं, तर अडथळा सामाईक लाइनमध्ये किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. सोसायटीला कळवा. प्लंबर येण्याआधी काही ओतलं असेल, तर ट्रॅप उघडण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगा. पाइपात थांबलेलं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक त्याच्या तोंडावर उडू शकतं. आणि लाइन गटारापर्यंत किंवा सेप्टिक टँकपर्यंत तुंबली असेल, तर यंत्राची गाडी मागवा, आत माणूस उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड क्षणात बेशुद्ध करतो. संरक्षक साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टँक माणसाकडून साफ करून घेण्यावर २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि असं काम लावणारी सोसायटीही त्यात गुन्हेगार ठरू शकते.