‘कर्जबाजारी’ आणि ‘नादार’ : शब्दभेद व परिणाम

व्यवहारात आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायद्याच्या मराठीत त्यांत अंतर आहे. कर्जबाजारी होणे ही माणसाची स्थिती, तर ‘नादार’ न्यायालय ठरविते. फारसीत ‘ना’ म्हणजे नसणे आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा.

उदाहरणादाखल, सोनाळा येथील एखादा पोलीस शिपाई कल्पून पाहा. लागोपाठ दोन हंगाम बुडाल्याने घरच्या शेतीचे कर्ज थकले. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 त्यालाही लागू आहेत. सवयीचा कर्जबाजारीपणा व नादारी टाळणे हे त्यांनुसार कर्मचाऱ्याचे कर्तव्य ठरते. कर्जवसुलीसाठी न्यायालयीन कार्यवाही सुरू होताच त्याने वरिष्ठांना संपूर्ण माहिती कळविली पाहिजे. संकट आपल्या आवाक्याबाहेरचे होते, हे तो दाखवू शकतो. माहिती दडविल्यास मात्र शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी वेतनावर जप्ती आली, तरी पहिले 1000 रुपये व उर्वरित वेतनाचा दोन तृतीयांश भाग दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सुरक्षित राहतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : वरील शिपाई कर्जबाजारी आहे की नादार? सकारण लिहा.